अंडी राखणाऱ्या विहिणी

किल्ली फिरेना म्हणून डेपोवालीनं दाराला धक्का दिला, तर दार उघडंच होतं. आत सोफ्यावर पाय वर घेऊन पार्लरवाली बसली होती. हातात चहाचा कप, आणि तोही नेमका लेकीचा, मोठा निळा, ज्यातून ती दुसऱ्या कुणाला पिऊ द्यायची नाही.

"या," पार्लरवाली म्हणाली, जशी काही घराची मालकीणच.

"मला लेकीनं किल्ली दिलीय."

"मला मुलानं दिलीय. म्हणून तर आधी पोचले."

या दोघी एकमेकींच्या विहिणी. डेपोवालीनं सगळी नोकरी बस डेपोच्या कंट्रोल केबिनमध्ये काढली होती. कुठल्या गाडीवर कोण चालक, कुठली गाडी कुठल्या फलाटाला, उशिरा आलेल्याला किती झापायचं, हे सगळं तिच्या एका माइकवर चालायचं. ती निवृत्त झाली, आवाज काही झाला नाही. पार्लरवालीचं बाजारपेठेत ब्युटी पार्लर होतं, चांगलं चालत होतं, आणि ती कुणाच्याही चेहऱ्याकडे बघायची ती काय काय दुरुस्त करावं लागेल अशा नजरेनं. पहिल्याच भेटीत ती डेपोवालीला म्हणाली होती, "वरच्या ओठावर थोडं काम करायला हवं तुमच्या." डेपोवालीनं ते गिळलं आणि लग्नाच्या दिवशी, नोंदणी कचेरीत, सगळ्यांच्या देखत फोटोवाल्याला ओरडून सांगितलं, "अरे बाबा, नवरी इकडे आहे! ती नटलेली मुलाची आई आहे!" तेव्हापासून दोघींमध्ये बोलणं होतं ते फक्त अहो-जाहोचं, आणि प्रत्येक अहोला टाचणी लावलेली असायची.

आज दोघी या घरात आल्या होत्या त्या अंड्यांसाठी.

लेक आणि जावई साप पाळायचे. पाळायचे म्हणजे जोड्या लावून पिल्लं काढायचे. प्राणिसंग्रहालयांना, शाळा-कॉलेजांना द्यायचे. बिनविषारी, बोटाएवढे जाड, नारिंगी ठिपक्यांचे साप. लेकीनं त्यापायी हॉस्पिटलातली परिचारिकेची नोकरी सोडली होती आणि जावयानं कारखान्यातली. डेपोवालीच्या मते जावयानं पोरीचं डोकं फिरवलं. पार्लरवालीच्या मते उलट. गेल्या आठवड्यात दोघं एका लांबच्या शहरात साप पोचवायला गेले, येताना गाडी दुभाजकावर चढली आणि जावयाची मांडी मोडली. आता तो तिकडे सळ्या घातलेला पाय टांगून पडला होता आणि लेक त्याच्या उशाशी. मोठे साप एक मित्र येऊन आपल्या गावी घेऊन गेला. पण अंडी हलवायची नव्हती. ती मागच्या खोलीत उबवणीच्या पेटीत होती, आणि त्यांच्याकडे कुणीतरी बघायला हवं होतं. लेकीनं आईला विचारलं, जावयानं आईला विचारलं, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

डेपोवालीनं लेकीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आता दोघी आलाच आहात तर नीट ऐका," लेक म्हणाली. आवाज थकलेला. "अंडी फिरवायची नाहीत. प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलची खूण आहे, ती वरच राहिली पाहिजे. आत पिल्लू वरच्या बाजूला धरून असतं. अंडं उलटं झालं की ते आतल्या आत गुदमरतं. खालचं शेवाळ ओलसर ठेवायचं, पिळलं तर पाणी टपकता कामा नये. पेटीचा आकडा अठ्ठावीसच्या आसपास. आणि अंड्यांवर पाणी मारायचं नाही. आई, अहो आई, ऐकताय ना?"

आई म्हणजे डेपोवाली. अहो आई म्हणजे सासू.

"ऐकतेय गं," दोघी एकदम म्हणाल्या.

पेटी म्हणजे एक जुना फ्रिजच होता. जावयानं त्यात गरम होणारी तार आणि थर्मोस्टॅट बसवला होता. दार उघडलं की दमट, मातीचा वास यायचा. आत प्लॅस्टिकच्या डब्यात शेवाळाच्या गादीवर डझनभर अंडी, लांबोडकी, पांढरी, एकमेकांना चिकटून एकच गोळा झालेली. कोंबडीच्या अंड्यासारखं कवच नाही, जाड चामड्यासारखं. डेपोवालीनं बोटाची पाठ हलकेच टेकवली. ऊन लागली.

"हात धुतलेत का?" मागून आवाज आला.

"तुम्ही नखं कापलीत का?"

एकीनं घरी जावं आणि दुसरीनं राहावं असं दोघींनीही एकमेकींना सुचवून पाहिलं. एकीचाही दुसरीवर विश्वास नव्हता, त्यामुळे दोघी राहिल्या. पलंग एकच होता. पार्लरवालीनं त्यावर आपली बॅग ठेवून तो आधीच बळकावला होता. डेपोवाली सोफ्यावर झोपू लागली आणि रोज सकाळी उठल्यावर कमरेला हात लावून एवढ्या मोठ्यानं कण्हायची की आतल्या बाईला जाग यावी. पार्लरवाली दुपारी पार्लरला जायची, संध्याकाळी यायची, आणि आल्या आल्या चप्पल न काढता आधी पेटीकडे. डेपोवाली पेटीशेजारी खुर्ची टाकून बसायची. गाड्यांच्या वेळा सांभाळल्या तशी ती त्या आकड्याकडे डोळे लावून असायची. आकडा जरा खाली आला की दाराच्या फटीला टॉवेल, वर गेला की टॉवेल बाजूला.

अशानंच एका सकाळी तिला कडेच्या अंड्यावर हिरवट-राखाडी बुरशी दिसली. शेजारी खिडकीत एक नाजूक फवारणीची बाटली होती. पार्लरची.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विहीणबाई! इकडे या!"

पार्लरवाली केसांना क्लिपा लावलेल्या अवस्थेत आली.

"हे तुम्ही केलंत."

"सुकल्यासारखी दिसत होती. खड्डा पडला होता एकाला. मी जरासा शिडकावा केला."

"पाणी मारायचं नाही असं सांगितलं होतं पोरीनं. कान कुठे होते तुमचे?"

"तुमच्या पोरीचं सगळंच ऐकायचं का? माझ्या मुलानं ऐकलं, तो आज पाय टांगून पडलाय."

"गाडी तुमचा मुलगा चालवत होता!"

"आणि नोकरी सोडून सापांच्या मागे लागायचं डोक्यात कुणी भरवलं? चांगला पगार होता त्याला. तुमच्या मुलीनं आणलं हे खूळ घरात."

"माझ्या मुलीनं? तिला लहानपणी पालीची भीती वाटायची! तुमच्या चिरंजिवांनी पहिल्या भेटीत फुलं आणायची सोडून सापाची कात आणून दिली होती तिला!"

हे पार्लरवालीला ठाऊक नव्हतं. तरी ती म्हणाली, "आणि तिनं घेतली ना?"

बुरशीचं अंडं गोळ्यातून सोडवता येईना, शेजारचं फाटलं असतं. लेकीच्या सांगण्यावरून डेपोवालीनं कोरड्या कापसानं बुरशी पुसून घेतली आणि ते तसंच राहू दिलं. पुढे ते पिवळं पडून आत बसलं. त्या दिवसापासून दोघींचा चहासुद्धा वेगळा झाला. गॅसवर एकाच वेळी दोन पातेली, मध्ये वीतभर अंतर.

त्यानंतर काही दिवसांनी, पार्लरवाली बाहेर असताना, लेकीचा फोन आला. ती रडत होती.

"संपलं, आई. मी सांगत होते त्याला, झोप झालेली नाही, थांब कुठेतरी. ऐकलं नाही. आणि आता म्हणतो, तूच बडबड करून माझं लक्ष उडवलंस. त्याच्या उशाशी बसून हे ऐकतेय मी. तो कुबड्यांवर उभा राहिला की निघते मी तिथून. पिल्लं निघाली की सगळी तुझ्याकडे ने. त्यांना कळू देऊ नकोस."

"त्यांना म्हणजे?"

"सासूबाईंना. अजून कुणाला?"

फोन ठेवल्यावर डेपोवालीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या तळाशी एक गारवा पसरत गेला, अगदी सुखाचा. लेक परत येणार होती. ती उठली, पार्लरवालीचं पातेलं घासून ठेवलं. मग स्वतःचाच राग येऊन त्याच पातेल्यात तिनं बुरशी पुसलेले कापसाचे बोळे टाकले.

पिल्लं निघाली ती एका ढगाळ सकाळी. डेपोवालीला एका अंड्याच्या कवचावर ब्लेडनं काढावी तशी बारीक चीर दिसली. मग दुसरी. चिकट पाण्याचा थेंब आला, आणि त्यातून भेंडीच्या टोकाएवढं डोकं बाहेर आलं. दोन काळेभोर डोळे, आणि न हलता रोखून बघणं.

"अहो, आलं!" तिच्या तोंडून निसटलं. बोलावायचं तिच्या मनात नव्हतं.

पार्लरवाली धावत आली. दोघी खांद्याला खांदा लावून पेटीसमोर उकिडव्या बसल्या. एकेक डोकं बाहेर येत होतं आणि तसंच थांबत होतं, अंग आतच ठेवून. तासन्‌तास.

"अडकलंय हे," पार्लरवाली म्हणाली. "मी थोडं फाडून देते. माझा हात हलका आहे."

डेपोवालीनं तिच्या मनगटावर फटकन चापट मारली. "आतला बलक ओढून घेतायत ती अजून. बाहेर ओढलं तर पोट उघडं राहील. पोरीनं सांगितलंय, आपणहून येऊ द्या."

"मला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

"मग तुम्हीही लावू नका कुणाला."

दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपणहून बाहेर आली. पेन्सिलीएवढी बारीक, ओली, चकचकीत. बहुतेक नारिंगी, दोन मात्र फिकट गुलाबी, डोळेही लाल. जावयाला म्हणे अशा रंगाची किती दिवस हवी होती. बुरशीच्या अंड्यातून काहीच आलं नाही, आणि आणखी एक फुटलंच नाही. प्रत्येक पिल्लाला वेगळी डबी, भोकं पाडलेलं झाकण, खाली टिश्यू पेपर, बाटलीच्या टोपणात पाणी. डेपोवाली डब्या लावत होती तेव्हा एकानं तोंड वासून तिच्या अंगठ्यावर झेप घेतली. दात लागले ते टाचणीच्या खरवडण्याएवढेच. शेपटी थरथरवून कागदावर खडखड आवाज करत ते पुन्हा वळसा घालून बसलं आणि पुन्हा झेपेच्या तयारीत. डेपोवालीला ते आवडलं. नुकतं जन्मलेलं, अंगात बोटभर बळ नाही, आणि कुणालाही जवळ येऊ देत नाही. बाकीचीही तशीच होती. डबी उचलली की आतून काचेवर नख मारल्यासारखा टक्कन आवाज यायचा.

"स्वभाव कुणाच्या अंगावर गेलाय ते दिसतंच," पार्लरवाली म्हणाली.

"पहिली कात टाकेपर्यंत खात नाहीत," लेकीनं फोनवर सांगितलं होतं. "आठवडाभर तरी अंधारात, शांत ठेवा. हलवू नका. नंतर फ्रीजरमधलं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात सोडून मग द्यायचं." फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेखाली, एका पिशवीत डोळे न उघडलेले, बिनकेसांचे, गुलाबी उंदीर गोठवलेले होते. पार्लरवालीनं ती पिशवी बघितल्यापासून घरातला बर्फ वापरणं सोडलं होतं.

हलवू नका हे डेपोवालीला पाठ होतं. पण चौथ्या दिवशी तिनं गॅलरीतून आत जाताना पार्लरवालीचं फोनवरचं बोलणं ऐकलं.

"हो रे राजा. नेते ना. सगळी आपल्याकडेच. तिच्या आईला वास लागू देत नाही मी. तू पायाकडे बघ. जाऊ दे तिला जायचं तर, आपलं काय अडलंय."

म्हणजे मुलानंही आईला तेच सांगितलं होतं.

डेपोवाली आवाज न करता आत गेली. तिचं डोकं केबिनमध्ये चालायचं तसं चालू लागलं: कुठली गाडी, कधी, किती वेळ. दुसऱ्या दिवशी दुपारी पार्लरवालीकडे मोठं गिऱ्हाईक होतं, ती सांगून गेली. जिना उतरल्याचा आवाज थांबला तशी डेपोवालीनं दोन पिशव्या काढल्या, डब्या एकावर एक रचल्या, मध्ये टॉवेल घातले, पेटीचं बटण बंद केलं आणि निघाली. फाटकातून बाहेर पडताना तिला इतकं हलकं वाटलं की ती स्टॉपपर्यंत जवळजवळ धावलीच.

बस तिच्याच डेपोची. चालक ओळखीचा, तिच्या हाताखाली वर्षानुवर्षं ड्युट्या केलेला.

"मॅडम! या, पुढे बसा. तुमची जागा आहे ना."

पुढची जागा म्हणजे चालकाच्या बाजूची एकटी सीट, आणि तिच्यापुढे इंजिनावरचं बॉनेट, वर जाड गादी घातलेलं. नोकरीत असताना ती नेहमी तिथं बसायची आणि सामान बॉनेटवर ठेवायची. आताही ठेवलं. एक पिशवी बॉनेटवर, दुसरी मांडीवर. रस्ता कामामुळे तुंबला होता. गाडी पावला-पावलानं सरकत होती, इंजिन तापून घरघरत होतं. चालक डेपोतल्या गमती सांगत होता, नव्या साहेबाची नक्कल करून दाखवत होता, आणि डेपोवाली कितीतरी दिवसांनी पोटभर हसत होती. वाटेत एकदा पाय भाजतोयसा वाटून तिनं तो मागे घेतला. पिशवीचा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

घरी जाऊन तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्या मांडल्या. मांडीवरच्या पिशवीतली पिल्लं डबी हलताच झेपावली. बॉनेटवरच्या पिशवीतली पहिली डबी उघडली, तर पिल्लू उताणं पडलं होतं, तोंड उघडं. दुसरीतही तसंच. तिसरीत एक फिकट गुलाबी, आणि ते दोरीसारखं सैल झालेलं. तिनं त्याला ओल्या फडक्यावर ठेवलं, फुंकर घातली, बोटानं डिवचलं. पाठीखालचा तो कागद अजून गरम होता. तेव्हा तिला कळलं.

ती खुर्चीवर बसली. गाडीचं बॉनेट किती तापतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चालक त्यावर डबा गरम करून खायचे.

संध्याकाळी दार बडवलं गेलं. बेल होती, तरी बडवलं.

"चोर!" पार्लरवाली उंबरठ्यावरूनच ओरडली. शेजारचं दार उघडलं आणि घाईनं बंद झालं. "निवृत्त झालात, आता हे धंदे? कुठे आहेत?"

डेपोवालीनं बाजूला होऊन टेबलाकडे हात केला. पार्लरवाली आत गेली. जिवंत डब्या एका रांगेत होत्या, दुसऱ्या रांगेतल्या झाकण काढून ठेवल्या होत्या. ती प्रत्येक डबीत वाकून बघत गेली. फिकट गुलाबीपाशी थांबली.

"काय केलंत हे?"

"बॉनेटवर ठेवली."

"कशावर?"

"बसच्या इंजिनावर. लक्षात नाही राहिलं."

पार्लरवालीनं खुर्ची ओढली पण बसली नाही. "मीही नेणारच होते," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पण कात टाकल्यावर नेणार होते. सकाळी लवकर, गारव्यात. भाच्याची गाडी सांगून ठेवली होती, एसीची." मग तिचा आवाज चढला. "तुम्हाला पिल्लं नको होती. तुम्हाला मला हरवायचं होतं. मारलंत ना? आता बसा जिंकून!"

डेपोवालीला उत्तर द्यायचं होतं. आयुष्यात तिनं कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. पण नेमका तेव्हाच फोन वाजला. लेकीचा.

"आई, कशी आहेत पिल्लं?" आवाज उजळलेला. "ऐक ना, उभा राहिला आज तो! चार पावलं चालला. डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात सोडतील. आम्ही दोघं येतोय."

"दोघं?"

"हो गं. ते मी मागे काहीतरी बोलले होते ना, ते मनावर घेऊ नकोस. माफी मागितली त्यानं. मीही मागितली. पिल्लं दाखव ना, व्हिडिओ लाव."

पार्लरवाली समोर उभी राहून बघत होती. तिनं फोन हिसकावून घेतला असता तर बरं झालं असतं. पण ती हाताची घडी घालून उभी राहिली आणि वाट बघू लागली.

"मी ती माझ्या घरी आणली," डेपोवाली म्हणाली. "बसनं. त्यात चार मेली. एक गुलाबी मेलं."



"हलवू नका असं सांगितलं होतं मी."

"आणि घेऊन जा असंही सांगितलं होतंस."

"रागात होते मी, आई! माणूस रागात काहीही बोलतं. तू लगेच पिशव्या भरायच्या?" मग फोन बाजूला धरून ती कुणाला तरी म्हणाली, "थांब, सांगते तुला," आणि त्या तीन शब्दांतला मऊपणा ऐकून डेपोवालीचा कान जळला. "अहो आईंना दे फोन. तुझ्यामागे आल्याच असतील त्या."

पार्लरवालीनं फोन घेतला आणि म्हणाली, "हो बाळा. मी बघते आता."

तेव्हापासून ती रोज डेपोवालीच्या घरी येऊ लागली. ना बेल, ना विचारपूस. तुमच्या मुलीनं सांगितलंय म्हणायची आणि आत शिरायची. डेपोवालीनं टेबलाखाली दिवा लावून, टोपलीवर घोंगडी घालून उबेची सोय केली होती. पार्लरवालीनं ती मोडून स्वतःची केली. डेपोवालीनं पुन्हा मोडली. थर्मामीटर मात्र दोघींनी दोन लावले, आणि दोन्ही एकच आकडा दाखवायचे.

उरलेल्यांनी कात टाकली. डोळे आधी दुधाळ झाले, मग एका सकाळी डब्यांत पारदर्शक, चुरगळलेले धागे आणि शेजारी लखलखीत नवी पिल्लं. आता खायला घालायचं. डेपोवालीनं लेकीच्या फ्रीजरमधून आणलेला गोठलेला उंदीर कोमट पाण्यात सोडला, पुसला, स्वयंपाकाच्या चिमट्यात धरून डबीत नेला. पिल्लू त्यावर झेपावलं, चावलं, आणि सोडून मागे सरकलं. दुसऱ्यानं तोंड फिरवलं. तिनं उंदीर तिथंच ठेवून झाकण लावलं, तासाभरानं बघितलं, तसाच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. खाल्लं नाही तर ही पण जाणार.

"सरका," पार्लरवाली म्हणाली. पर्समधून तिनं भुवया कोरायचा बारीक चिमटा काढला. "तुम्ही भाकरी उलटायला घेतल्यासारखा धरता तो. घाबरतं ते."

चिमट्याच्या टोकाला उंदराची मान धरून तिनं तो पिल्लाच्या बाजूनं, अगदी जमिनीलगत, किंचित थरथरवत नेला. हात खरोखरच हलका होता तिचा. पिल्लानं डोकं उचललं. जीभ बाहेर, आत. मग एका झटक्यात उंदीर तोंडात, अंगाचे दोन वेढे त्याच्याभोवती, आणि हळूहळू जबडा ताणून गिळणं सुरू. गळ्यातून फुगीर गाठ खाली सरकत गेली.

पार्लरवालीनं वर बघितलंही नाही. पुढची डबी ओढली.

एकामागून एक सगळ्यांनी खाल्लं. एकानंही तिला नाकारलं नाही. डेपोवाली ओट्याला टेकून उभी होती. पिल्लं जगणार म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला त्या चिमट्याचा, त्या रंगवलेल्या नखांचा आणि त्या वाकलेल्या, शांत पाठीचा इतका संताप आला की तिनं नळ सोडून दिला आणि उगाच भांडी विसळत बसली. हिच्या हातून खाल्लं. ज्या अंड्यांशेजारी आपण खुर्ची टाकून दिवस काढले, त्यातून निघालेल्यांनी हिच्या हातून खाल्लं.

लेक आणि जावई आले ते थेट डेपोवालीकडे. जावई कुबड्यांवर, लेकीनं त्याच्या पाठीला हात लावलेला. तो सासूला वाकून "कशा आहात आई," म्हणाला; वाकताना त्याला दुखलं. लेकीनं एकेक डबी उजेडात धरून बघितली, पोटं चाचपली, उरलेलं एकुलतं गुलाबी पिल्लू हातावर घेतलं. ते तिलाही चावलं, आणि ती हसली.

"छान खाल्लंय. अहो आई, तुमच्यामुळे वाचली ही."

"अगं, माझा हात हलका आहे ना," पार्लरवाली म्हणाली आणि डेपोवालीकडे बघितलं.

डेपोवालीनं चहा ठेवला होता. कुणी प्यायला थांबलं नाही. निघताना लेकीनं हात पुढे केला. "किल्ली दे, आई."

"कशाला? असू दे की माझ्याकडे, अडीअडचणीला."

"दे."

पार्लरवाली जिन्याकडे निघाली होती. लेक तिच्याकडे वळली. "तुमचीही द्या, अहो आई."

"माझी?" पार्लरवालीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मी काय केलं? मी तर वाचवली."

"आई," जावई म्हणाला, "मी रागात बोललो आणि तू लगेच तुझ्या भाच्याची गाडी सांगून ठेवलीस, त्याच्याकडूनच कळलं मला. दे किल्ली."

दोन्ही किल्ल्या लेकीच्या मुठीत गेल्या. ती मूठ खिशात गेली. डब्यांची पेटी उचलून दोघं लिफ्टकडे गेले. पार्लरवाली त्यांच्या मागे निघाली, पण लिफ्टमध्ये पेटी, कुबड्या आणि ते दोघं एवढीच जागा होती. दार मिटलं. दोघी विहिणी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"झालं समाधान?" पार्लरवाली म्हणाली.

"तुमचं?"

पार्लरवाली टाचा वाजवत जिना उतरून गेली. डेपोवालीनं दार लावलं, चार कप चहा बेसिनमध्ये ओतला.

मग बरेच महिने गेले. लेक यायची, पण घाईत. फोन करायची, पण सापांचं नाव काढायची नाही. डेपोवालीनंही विचारलं नाही. विचारलं तर दुखेल असं ठिकाण ते, तिनं बोट लावलं नाही.

एका दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा होता, नाव तिनं केव्हाच पुसून टाकलं होतं.

"बोला," डेपोवाली म्हणाली.

"त्यांच्या मजल्यावरची एक बाई येते माझ्या पार्लरला," पार्लरवालीनं नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "ती सांगत होती, नवी अंडी घातलीत म्हणे. दोन माद्यांनी. पेटी नवीन आणलीय, मोठी. तुम्हाला सांगितलं का पोरीनं?"

"नाही."

"मलाही नाही."

फोनमधून पार्लरमधल्या केस वाळवायच्या यंत्राचा घोंघों आवाज येत होता.

"मग मला फोन कशाला केलात?" डेपोवालीनं विचारलं.

"तुम्हाला तरी सांगितलं नाही ना, एवढंच बघायचं होतं," पार्लरवाली म्हणाली आणि फोन ठेवला.